सासूबाईंबरोबर पाण्यात

वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, एप्रिल महिन्यातल्या एका सकाळी, मी आमच्या गावच्या तलावात उताणी पडले आणि बुडले नाही. एवढीच गोष्ट आहे. पण ती घडायला दीड महिना लागला, आणि त्याच्याही आधी बरंच काही व्हावं लागलं.

लग्न झाल्यापासून माझी अठ्ठावीस वर्षं भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये गेली. नवरा फॅक्टरीत. सकाळी भोंगा, मग बस, मग दुपारचा निवांतपणा, संध्याकाळी शेजारणींबरोबर कॉलनीच्या रस्त्यावर चार फेऱ्या. वाईट काहीच नव्हतं. फक्त आमच्या घरात प्रत्येक चांगल्या गोष्टीच्या आधी एक शब्द लागायचा, 'रिटायरमेंटनंतर'. समुद्र पाहायचा रिटायरमेंटनंतर. काश्मीरला जायचं रिटायरमेंटनंतर. पुण्याला मुलाकडे चार महिने राहायचं, तेही रिटायरमेंटनंतर. मी मनातल्या मनात बॅगासुद्धा भरून ठेवल्या होत्या.

नवरा रिटायर व्हायला तीन महिने उरले असताना सासरे गेले. सानगडीपासून सात-आठ किलोमीटर आत आमचं गाव. तिथल्या घरात सासूबाई एकट्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "मी राहतो एकटी. तुमी आपलं पाहा." आमच्याकडे बायकाही 'मी राहतो', 'मी जातो' असंच म्हणतात. पण नवऱ्याने ठरवून टाकलं होतं. क्वार्टर सोडायचं आणि गावी जाऊन राहायचं. मला विचारलं, पण ते विचारणं म्हणजे सांगणंच होतं.

मी भांडले नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. मी नुसती गप्प झाले. टेम्पोतून उतरवलेली खोकी मागच्या खोलीत रचून ठेवली आणि चार महिने त्यांची दोरीही सोडली नाही. कपबशा हव्यात? सासूबाईंच्या आहेत ना. चादरी? आहेत ना. मी त्या घरात पाहुणी असल्यासारखी वावरत होते, आणि ते सगळ्यांना दिसावं अशी माझी इच्छाही होती.

सासूबाईंना ते दिसत होतं, पण त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. तेव्हा त्या शहात्तर वर्षांच्या होत्या. सडपातळ, ताठ, काष्ट्याचं लुगडं, बोलणं मोजकं. आमचं लग्न झाल्यापासून सणावारी भेटायचो, नमस्कार व्हायचा, तब्येतीची चौकशी व्हायची. त्यापलीकडे मला त्यांच्याबद्दल काही माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेही माहीत नव्हतं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. अंगणात नळ होता, तरी त्या रोज पहाटे उठून तलावावर जायच्या. ना हातात कपडे, ना घागर. अर्ध्या तासाने परत यायच्या तेव्हा फक्त घोट्यापर्यंत पाय ओले असायचे. एकदा मी विचारलं, "आई, रोज कशाला जाता एवढ्या लांब?"

"पानी पाहाले," त्या म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

फेब्रुवारीत माझे गुडघे बोलू लागले. आधी जिना चढताना, मग उठताबसताना, मग नुसतं उभं राहिलं तरी. नवरा मला साकोलीला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर तरुण होते, हसरे होते. गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "काकू, पोहता येतं का? पाण्यात गुडघ्यावर वजन पडत नाही. तुमच्यासाठी त्यासारखा व्यायाम नाही."

मी हसले. मी भंडाऱ्यात नळाच्या पाण्यावर वाढलेली मुलगी. पाणी म्हणजे बादली, फार तर टाकी. लहानपणी वैनगंगेच्या काठावर गेलो की आई माझी वेणी हातात धरून ठेवायची. नदीला मी कधी गुडघ्याच्या वर येऊ दिलं नव्हतं.

रात्री जेवताना नवऱ्याने डॉक्टरांचं बोलणं गंमत म्हणून सांगितलं. मीही हसले. सासूबाई हसल्या नाहीत. भाताचा घास हातात धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मी शिकवतो तुले."

"काय शिकवता?" नवऱ्याने विचारलं.

"पोहनं. दुसरं काय?"

नवऱ्याच्या तोंडातला घास तसाच राहिला. जन्मापासून साठ वर्षांत त्याने आपल्या आईला पाण्यात पाहिलेलं नव्हतं. तो स्वतः गावातल्या इतर पोरांसारखा त्याच तलावात पोहायला शिकला होता, आणि आई काठावरून ओरडायची तेवढंच त्याला आठवत होतं. "आई, तुले पोहाले येते?" तो म्हणाला.

"येत होतं," त्या म्हणाल्या. "पाहू आता."

मला वाटलं, सकाळपर्यंत विसरतील. पहाटे त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला. "ऊठ. पंजाबी ड्रेस घाल जुना. साडीत पाय अडकते."

आमच्या तलावाला दगडी पायऱ्यांचा घाट आहे. सात वाजता तिथे धुण्याला बायका येतात, नऊला म्हशी येतात. आम्ही गेलो तेव्हा कुणी नव्हतं. पाणी राखाडी, एका बाजूला कमळाची पानं, पलीकडच्या काठावर मोहाची झाडं. सासूबाई पायऱ्या उतरल्या आणि घोटाभर पाण्यात थांबल्या. रोज त्या इथेच थांबत असणार. त्या दिवशीही थांबल्या, आणि इतका वेळ थांबल्या की मला वाटलं आता मागे फिरतील. मनातून मी त्याचीच वाट पाहत होते.

मग त्यांनी काष्टा घट्ट ओढला, पदर कमरेला खोचला आणि चालायला लागल्या. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं. आणि एकाएकी त्या दिसेनाशाच झाल्या.

"आई!" मी जिवाच्या आकांताने ओरडले.

पाणी सपाट. एक पाखरू कमळाच्या पानावरून उडालं, बस. मी दोन पायऱ्या उतरले, पुढे पाय टाकायची हिंमत होईना. आणि तेवढ्यात, मी बघत होते त्याच्या बऱ्याच पुढे, पांढऱ्या केसांचं एक डोकं वर आलं. चेहऱ्यावर पाणी निथळत होतं आणि त्या हसत होत्या. इतकं मोठ्याने हसताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आवाज तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, आपटून परत येत होता.

"ध्यानात हाय वो!" त्या ओरडल्या. "आंगाले ध्यानात हाय सारं!"

त्या दिवशी त्यांनी मला काहीच शिकवलं नाही. स्वतःच पोहत राहिल्या. इकडून तिकडे, तिकडून इकडे, कधी कुशीवर, कधी पाठीवर. मी पायरीवर बसून बघत होते. ऊन वर आलं तेव्हा त्या बाहेर आल्या, माझ्या शेजारी बसल्या, लुगड्याचा पदर पिळत बोलायला लागल्या. अठ्ठावीस वर्षांत बोलल्या नव्हत्या तेवढ्या त्या अर्ध्या तासात बोलल्या.

त्यांचं माहेर पवनीजवळ, नदीकाठी. घर धान पिकवणाऱ्यांचं, भाऊ चार आणि नदी हाकेच्या अंतरावर. भावांच्या मागे लागून त्या सातव्या वर्षी पोहायला शिकल्या. बाराव्या वर्षी उन्हाळ्यात वैनगंगा ओलांडून पलीकडच्या वाळूतली टरबुजं खाऊन परत यायच्या. पंधराव्या वर्षी लग्न होऊन या गावात आल्या. पहिल्याच आठवड्यात या तलावावर आल्या, पाण्यात शिरल्या आणि भर सकाळी मध्यापर्यंत जाऊन आल्या. घरी पोचेपर्यंत बातमी पुढे गेली होती. त्यांच्या सासऱ्यांनी ओसरीवरूनच सांगितलं, सुनेने घाटावर पाय धुवावेत, अंग भिजवू नये.

"मंग?" मी त्यांच्यासारखंच विचारलं.

"मंग काय. पाय धुतले. एकसष्ट वर्स पायच धुतले."

"पण तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाही?"

"कोनी इचारलं?"

घरी आल्यावर मी मागच्या खोलीत गेले आणि पहिल्या खोक्याची दोरी सोडली. त्यात चहाचा थर्मास होता. दुसऱ्या दिवसापासून तो आमच्याबरोबर तलावावर येऊ लागला.

माझं शिक्षण सुरू झालं, आणि ते चांगलं चाललं नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायलाच मला चार दिवस लागले. तळाशी चिखल. पाय रुतला की कुणीतरी आतून ओढतंय असं वाटायचं. बारके मासे पोटरीला तोंड लावायचे आणि मी किंचाळायची. सासूबाई शांतपणे म्हणायच्या, "ते तुले खात नाई. त्याले वाटते तू भात होय." नवऱ्याने साकोलीहून ट्रॅक्टरची एक जुनी ट्यूब आणून दिली. तिला धरून मी पाय मारायला शिकले. पण ट्यूब सोडली की दगड.

"तुजं डोस्कं सोडून दे," सासूबाई म्हणायच्या.

"म्हणजे काय करू?"

"काईच करू नोको. तू लय करते. बुडाले मेहनत लागते, तरंगाले नाई लागत."

त्या माझ्या पाठीखाली हात ठेवायच्या. दोन बोटांएवढा आधार, त्याहून जास्त नाही. मी मागे पडायची, कानात पाणी शिरलं की मान ताठ व्हायची, कंबर वाकायची आणि नाकातोंडात पाणी. खोकत उभी राहायची. एकदा इतकं पाणी गिळलं की पायरीवर बसून रडले. नुसत्या पाण्यामुळे नव्हे. काश्मीर, समुद्र, क्वार्टरमधल्या मैत्रिणी, संध्याकाळच्या फेऱ्या, सगळं एकदमच आठवलं. मी म्हणाले, "आई, मला नाही जमणार. माझं वय गेलं आता. माझं सगळंच राहून गेलं."

त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि माझ्या हातात दिला. समजावलं वगैरे नाही. म्हणाल्या, "पी. मंग घरी जाऊ. उद्या येऊ." आणि स्वतः मुरमुऱ्यांचा बोकणा भरून तलावाकडे बघत बसल्या.

त्या चहाबद्दल सांगायला हवं. अंगावर ओले कपडे, ऊन नुकतं पाठीवर येतंय, दात किंचित वाजताहेत, आणि हातात स्टीलच्या झाकणातला गोड, आल्याचा चहा. अठ्ठावीस वर्षं मी दिवसाला तीन वेळा चहा केला होता. तो उकळताना दुसरं काहीतरी करायची आणि पिताना तिसऱ्याचा विचार करायची. त्या सकाळी मी रडत रडत तो चहा प्यायले आणि मला त्याची चव लागली. मी ते सासूबाईंना सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या आधी उठले.

आणि मग तो एप्रिलचा दिवस. आदल्या रात्री झोप छान झाली होती, त्यामुळे असेल. मी मागे पडले, कानात पाणी शिरलं, आणि पहिल्यांदा मला ते शिरू द्यावंसं वाटलं. बाहेरचे सगळे आवाज बंद झाले. फक्त माझा श्वास ऐकू येत होता, अगदी जवळून, कुणीतरी शेजारी झोपल्यासारखा. वर आकाश, त्यात एकच ढग. मी त्या ढगाकडे बघत राहिले. बराच वेळ. मग माझ्या लक्षात आलं की पाठीला सासूबाईंची बोटं लागत नाहीत. डोळे वळवून पाहिलं तर त्या चार हात लांब, छातीभर पाण्यात, दोन्ही हात पाण्याच्या वर धरून उभ्या होत्या. मला दिसावेत म्हणून.

मी ओरडले नाही, हलले नाही. जर हलले तर संपेल, असं वाटत होतं. गुडघे दुखत नव्हते. गुडघे आहेत हेही कळत नव्हतं. मला इतका आनंद झाला होता की त्याला ठेवायला शरीरात जागा पुरत नव्हती, आणि मला काही करायचं नव्हतं, फक्त पडून राहायचं होतं.

घरी येऊन मी आदल्या रात्रीचा भात तेल, तिखट आणि कच्चा कांदा घालून खाल्ला, दोन ताटं. नवरा म्हणाला, "काय झालं? आज भूक लागली?" मी म्हणाले, "मी तरंगले." त्याने पेपर खाली ठेवला आणि उठून आईच्या पाया पडला. माझ्या नाही. पण मला त्याचं काही वाटलं नाही.

तोवर गावात बोलणं सुरू झालंच होतं. घाटावरच्या बायका सुरुवातीला तोंडाला पदर लावून हसल्या, मग बघायला लवकर येऊ लागल्या. पण शेजारच्या घरात राहणारे माझे चुलत सासरे, म्हणजे सासूबाईंचे धाकटे दीर, त्यांना ते सहन झालं नाही. एका दुपारी ते ओसरीवर आले. नवऱ्याकडे बघत बोलले, पण बोलणं आत स्वयंपाकघराकडे होतं.

"वयनी, हे बरं नाई दिसत. लोक काय म्हनतीन? या वयात सासू-सुना तलावात डुबक्या मारून रायल्या. आपल्या घराची काई रीत हाय का नाई?"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला ठेवून त्या ओसरीवर आल्या. आवाज चढवला नाही.

"भाऊजी, मी या घरात आली तवा तुमी अकरा वर्साचे होते. तुमच्या बाबानं मले सांगतलं, पाय धुवाचे, आंग भिजवाचं नाई. मी आयकलं. माजा नवरा काई बोलला नाई, मी त्याचंबी आयकलं. आता ते दोघंबी नाईत. आता मले सांगनारा कोन हाय, तुमी सांगा. मी आयकून घेतो."

चुलत सासरे नवऱ्याकडे बघू लागले. नवरा आपल्या पायाच्या नखांकडे बघत म्हणाला, "काका, मी ट्यूब आनून देली. मीच सामील हाय यात."

ते उठून गेले आणि पंधरा दिवस आमच्याशी बोलले नाहीत. सासूबाईंनी तांदूळ पुन्हा निवडायला घेतले. मी त्यांच्या शेजारी बसले आणि सूप अर्धं माझ्याकडे ओढलं. आम्ही दोघींनी मिळून ते संपवलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी या घरात पाहुणी नाही.

मे महिन्यात गल्लीतली एक सून आली. म्हणाली, "काकू, मीबी शिकू काय?" तिच्यामागून तिची जाऊ, मग अंगणवाडीतली मदतनीस. महिना संपेपर्यंत शिकणाऱ्या आम्ही सात जणी झालो. तलाव उन्हाने आटून छातीभर राहिला होता, शिकायला बेस. सासूबाई मध्यभागी उभ्या राहायच्या आणि ओरडायच्या, "डोस्कं सोड! ए, डोस्कं सोड तुजं!" सात जणींच्या हसण्याने म्हशी वाट बदलायच्या. नंतर सगळ्याजणी पायऱ्यांवर केस सुकवत बसायचो. कुणी मोहाच्या फुलांचे वडे आणायची, कुणी लाखोरीच्या डाळीचे. थर्मास एकाचे दोन झाले.

पावसाळ्यात सगळं थांबलं. पाणी गढूळ, ओढ्यांतून काय काय वाहून येणारं. शिवाय रोवणा सुरू झाला, म्हणजे सगळ्या बायका बांधीतल्या चिखलात, धानाची रोपं लावायला. मीही एक दिवस गेले. दोन तासांत कंबर गेली, पण गुडघे टिकले. संध्याकाळी मी ते पुण्याला मुलाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "आई, तू नक्की बरी आहेस ना?" मी म्हणाले, "इतकी बरी मी कधीच नव्हते."

ऑक्टोबरात पाणी निवळलं. लवकर येणारा हलका धान कापून झाला होता, उशिरा येणाऱ्या भारी धानाला तलावातून शेवटचं पाणी सुरू होतं, तरी तलाव काठोकाठ होता. एका सकाळी सासूबाई घाटावर उभ्या राहून समोर बघत म्हणाल्या, "तिकडं जाऊ एकदा."

तिकडं म्हणजे पलीकडचा मोहाचा काठ. घाटासमोर तलाव निमुळता होतो, तरी सव्वाशे-दीडशे पावलांचं अंतर. आणि मध्ये खोल. मी तोवर काठाकाठाने पोहत होते, पाय टेकेल एवढ्याच पाण्यात. "आई, एवढं?"

"लग्नाच्या पहिल्या हप्त्यात मी मदापर्यंत गेली होती," त्या म्हणाल्या. "पुरं करू दिलं नाई कोनी."

मग मी नाही कशी म्हणणार होते?

रविवारी सकाळी निघालो. नवरा ट्यूब कमरेला दोरीने बांधून आमच्या मागे. बाकीच्या सहा जणी घाटावर. बातमी अर्थात सगळ्या गावाला होती. पाळीवर लोक येऊन उभे होते, जसे दंडारीचा खेळ पाहायला येतात. मी त्यांच्याकडे न बघता पाण्यात शिरले.

पहिली पन्नास पावलं चांगली गेली. सासूबाई माझ्या डाव्या हाताला, न थकता, न घाई करता, लांब लांब हात टाकत. मग पाणी एकदम गार झालं. खाली खोल आहे हे अंगाला कळलं. मी खाली पाहिलं. काळं. हात वेडेवाकडे पडू लागले. तोंडात पाणी गेलं. नवरा मागून ओरडला, "ट्यूब धर! ट्यूब धर!"

"थांब रे!" सासूबाई त्याला म्हणाल्या. मग मला, अगदी हळू, स्वयंपाकघरात बोलावं तशा, "पोरी. उतानी हो."

त्या मला कायम 'सूनबाई' म्हणत. 'पोरी' पहिल्यांदा म्हणाल्या.

मी उताणी झाले. कानात पाणी शिरलं, लोकांचा आवाज बंद झाला. श्वास तेवढा राहिला, आधी धावणारा, मग चालणारा, मग बसलेला. त्या दिवशी ढग नव्हता, नुसतं निळं. मी तलावाच्या बरोबर मध्यावर, सगळ्यात खोल जागी, पाठीवर पडून होते आणि मला काहीही होत नव्हतं. मी किती वेळ तशी पडले होते कोण जाणे. मग कुशीवर वळले आणि हात टाकायला लागले.

पायाला चिखल लागला तेव्हा मला आधी कळलंच नाही. मी उभी राहिले तर पाणी कमरेला. समोर मोहाचं झाड, आणि झाडाखाली चुलत सासरे. पाळीवरून अख्खा वळसा घालून ते आमच्या आधी येऊन थांबले होते, खांद्यावर दोन कोरडे टॉवेल. पलीकडच्या घाटावरून आमच्या सहा जणींचा ओरडा येत होता, पाळीवर लोक टाळ्या वाजवत होते, कुणीतरी शिट्टी मारली.

सासूबाई पाण्यातून वर आल्या. लुगडं अंगाला चिकटलेलं, केस मोकळे, छाती धपापत होती. त्या दिराकडे बघत उभ्या राहिल्या.

त्यांनी एक टॉवेल पुढे केला. "वयनी," ते म्हणाले, "बाबा राहते तर त्यायनंबी पायलं असतं."

"पायलं असतं," सासूबाई म्हणाल्या. "पन ओसरीवरून."

आणि ते दोघंही हसायला लागले. मग मी हसले, मग ट्यूबमध्ये अडकलेला माझा नवरा हसला. आम्ही झाडाखाली बसलो. चुलत सासऱ्यांनी पिशवीतून कागदात बांधलेले आलूबोंडे काढले. गार झाले होते, तेलकट होते, आणि मी आयुष्यात त्याहून चांगलं काही खाल्लेलं नाही. सासूबाई मांडी घालून बसल्या होत्या, दोन्ही गालांत बोंडा, नजर पाण्यावर. मी त्यांना विचारलं, "आई, कसं वाटतंय?"

त्यांनी आधी घास गिळला. मग म्हणाल्या, "पुरं झालं."

तासाभराने ऊन तापलं. चुलत सासरे उठले आणि म्हणाले, "चाला, पाळीवरून जाऊ हळूहळू. सावली हाय तिकडून."

सासूबाईंनी पाळीकडे पाहिलं, मग समोरच्या घाटाकडे पाहिलं. टॉवेल दिराच्या खांद्यावर परत टाकला आणि काष्टा ओढला.

"तुमी या तिकडून," त्या म्हणाल्या. "चालाले लय वेळ लागते."

मी नवऱ्याच्या हातून ट्यूबची दोरी घेतली, ती मोहाच्या फांदीला अडकवली आणि त्यांच्या मागोमाग पाण्यात शिरले. परत येताना मी एकदाही उताणी झाले नाही.